घरच्यांची बैठक

खोलीत बारा खुर्च्या होत्या. अकरा लोखंडी, एक प्लास्टिकची. लोखंडी खुर्च्यांवर नऊ बायका आणि दोन म्हातारे वडील बसले होते. प्लास्टिकची तिची. हा तिचा चौथा गुरुवार, आणि चारही गुरुवार ती चुकीच्या खोलीत बसली होती.

दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीचा कागद तिनंच लॅबच्या फळ्यावर टाचला होता. ती तिथे रक्ताचे नमुने घ्यायची. पत्ता पाठ होईपर्यंत रोज तो कागद वाचून शेवटी ती आली, तर जिन्याशी उभे असलेले काका आपुलकीनं म्हणाले, "घरच्यांची बैठक डावीकडे, ताई. उजवीकडे पिणारे बसतात." 'पिणारी मीच' हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच थिजले. ती गुमान डावीकडे वळली.

तिथे प्रत्येकाला बोलावं लागायचं. मग तीही बोलली. बाटली साबणाच्या डब्यामागे असते, चहाच्या कपातून प्यायलं की कुणाला कळत नाही, सकाळी हात थरथरतात. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त सगळं तिनं नवऱ्याच्या नावावर घातलं होतं. नवरा शिंपी, खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून बघणारा माणूस. बायको दर गुरुवारी दारू सोडायला जाते, एवढंच त्याला ठाऊक होतं.

आज सकाळी लॅबमध्ये एका आजींची शीर तिला तीनदा टोचूनही सापडली नाही. "अगं, सुई आहे की शिवणयंत्र?" आजी म्हणाल्या. सगळे हसले, तीही हसली. चौथ्यांदा सुई उचलायला गेली तर हात ऐकेना. शेजारच्या मुलीनं ट्रे ओढून घेतला. आज त्या खोलीत खरं बोलायचंच, असं तिनं तेव्हाच ठरवलं होतं. पण तिची पाळी आली आणि तोंडातून पुन्हा 'आमचे हे' निघालं.

साडेसहाला बैठक सुटली. बाहेर पाहते तर जिन्यापाशी नवरा उभा, हातात तिचा घरी विसरलेला चष्मा.

"हेच का ते?" बैठक चालवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तिला विचारलं. इथलं बोलणं इथेच ठेवायचं, हा नियम बाईंनीच केलेला. पण आरोपी समोर आल्यावर त्यांना राहवेना. "काय हो, साबणाच्या डब्यामागे बाटली लपवता म्हणे?"

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. काय झालंय ते त्याच्या ध्यानात आलं.

"हो, बाई," तो म्हणाला.

"आणि कपातून पिता?"

"कपातूनच."

"लाज नाही वाटत? सोन्यासारखी बायको तुमच्यापायी इथे खेपा घालते!"

"वाटते ना."

"मग उभे काय राहिलात खांबासारखे? उजवीकडची बैठक अजून चालू आहे. जा आत!"

आणि तो खरंच निघाला. तिचा चष्मा खिशात ठेवून, मान खाली घालून, उजवीकडच्या दारापर्यंत गेला. कडीला हात घातला.

"अहो, थांबा!" ती धावली. "तिथे तुमचं काय काम?"

"बाईंनी पाठवलंय," तो हळूच म्हणाला. "दोघांपैकी कुणीतरी जायला हवं ना?"

शब्द सुईसारखे टोचले, आणि अगदी शिरेत. ती वळली.

"बाई, ते पीत नाहीत. मी पिते. डबा माझा, कप माझा. चार आठवडे सांगितलं ते सगळं माझं."

जिना उतरणारे पाय थांबले. बाईंनी आपला चष्मा पुसला, परत लावला आणि सगळा राग नवऱ्यावरच काढला. "आणि तुम्ही हो हो काय म्हणत सुटलात?"

"तुम्ही विचारलंच असं, की नाही म्हणायची सोय नव्हती."

कुणीतरी फिसकन हसलं. ती मात्र हसली नाही. तिनं नवऱ्याच्या खिशातून चष्मा काढून घेतला, डोळ्यांवर लावला आणि दार ढकललं.

आत सगळे पुरुष. जिन्यापाशी भेटलेले ते काका लगबगीनं उठले. "ताई, घरच्यांची बैठक—"

"तिथूनच आले. माझी जागा इथे आहे."

काका क्षणभर गोंधळले. मग त्यांनी स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि आपण खिडकीच्या कट्ट्यावर बसले. ती बसली. हात थरथरत होते; तिनं ते लपवले नाहीत, सरळ मांडीवर उघडे ठेवले.

"इथे प्रत्येक जण आधी शेवटच्या घोटाला किती दिवस झाले ते सांगतो," काका म्हणाले. "कुणाचे चार, कुणाचे चारशे. तुमचे?"

तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वजाबाकी केली.

"एकोणीस तास वीस मिनिटं."