नीलमचा पाईपाचा रॅम्प

मित्रांनो, तसं माझं वय फार नाही. अवघी चार वर्षं. पण मी दमलोय, आणि दमलं की आपली गोष्ट कुणाला तरी सांगावीशी वाटते, म्हणून बोलतो. मी एक रॅम्प आहे. दवाखान्याच्या दारात असतो तो उतार नव्हे. बोचिया नावाच्या खेळात चेंडू घरंगळत सोडतात, तो रॅम्प.

बोचिया तुम्हाला ठाऊक नसेल. ज्यांचे हातपाय मनासारखे चालत नाहीत, अशी माणसं हा खेळ बसून खेळतात. आधी मैदानात एक पांढरा चेंडू टाकायचा. मग एकाने लाल, दुसऱ्याने निळे, असे सहा-सहा चेंडू त्याच्या जवळात जवळ पोचवायचे. ज्यांना चेंडू फेकताच येत नाही त्यांच्यासाठी मी. चेंडू माझ्या वरच्या टोकाला ठेवायचा आणि डोक्याला बांधलेल्या काठीने अडवून धरायचा. काठी उचलली की चेंडू निघाला. मला डावी-उजवीकडे फिरवायला एक मदतनीस असतो. पण त्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं. वळून बघायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, खेळाडू सांगेल तेवढंच करायचं. हा नियम लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट याच नियमापाशी अडली.

माझा जन्म मीरा रोडला, पूनम सागरमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाला. संचिता तिथेच राहायची. ती आणि तिचा वर्गमित्र पराग इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. परदेशातून येणारे रॅम्प फार महाग, ते आपल्याकडे कुणाला परवडणार, म्हणून आपण स्वस्तातला बनवू, असा प्रोजेक्ट दोघांनी घेतला होता. ज्या खेळाडूसाठी तो बनवायचा, ती नीलम पेणकरपाड्यात राहत होती. बावीस वर्षांची. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, त्यामुळे हातपाय ताठर झालेले आणि एकेक शब्द ओठांवर यायला वेळ लागायचा. तिचे वडील हरिश्चंद्र मूळचे लांज्याकडचे. भाईंदर पूर्वेला एका कारखान्यात ते स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे. नीलमला उचलणं, खुर्चीत बसवणं, कपडे घालणं, यांत त्यांचा हात इतका बसला होता की तिला काही विचारावं लागतं हे त्यांच्या लक्षातही येत नसे. खेळातही मदतनीस तेच.

पहिल्यांदा मी पाईपाचा नव्हतो. परागने मला ॲल्युमिनियमचा बनवला होता. चाकं, दांडे, उंची मोजायची पट्टी, फार देखणा होतो मी. पण पेणकरपाड्याच्या त्या गल्लीत नेलं, तर नीलमच्या घराच्या दारातून मी आत जाईना.

"दारच छोटंय, आपण काय करणार?" पराग म्हणाला.

नीलम काहीतरी सांगू पाहत होती. पराग घाईघाईने म्हणाला, "हां हां, उंची वाढवायचीय ना? करतो."

संचिताने त्याचा दंड धरला. "थांब जरा. बोलतेय ती."

गल्लीतून भाजीवाला हाका मारत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, तेवढा वेळ तिला लागला.

"रिक्षा... त," नीलम म्हणाली.

रिक्षात मावायला हवा, इतकंच तिचं म्हणणं. रिक्षात न मावणारी वस्तू तिच्या कधी कामालाच येणार नव्हती. परागने त्या रात्री आपला आराखडा फाडला. मुलगा उतावळा होता, पण मनाने वाईट नव्हता.

मग मी पाईपाचा झालो. एका बांधकामावर सांडपाण्याचा जाड प्लास्टिकचा पाईप उरला होता, तो उभा चिरला. त्याचे तीन तुकडे एकमेकांत अडकतील असे केले आणि खाली एका जुन्या स्टँडच्या पंख्याचा पाय लावला, म्हणजे उंची कमी-जास्त होईल. तिन्ही तुकडे काढले की मी रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवा मावायचो. पण सांध्यावरून जाताना चेंडू उडायचा आणि वाट सोडायचा. पराग आणि संचिता लॅपटॉप उघडून डोकं खाजवत बसले. हरिश्चंद्र लांबून बघत होते. दुसऱ्या संध्याकाळी ते कामावरचा पॉलिश पेपर घेऊन आले आणि काही न बोलता दोन तास माझे सांधे घासत बसले. शेवटी बोट फिरवून म्हणाले, "आता सोडा चेंडू." चेंडू असा गेला की आवाजही झाला नाही.

वर्षभर आम्ही पार्किंगमध्ये सराव केला. वॉचमन "इधर खेलना मना है" म्हणायचा आणि दहा मिनिटांनी स्वतःच चेंडू गोळा करून द्यायचा. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस म्हणाल तर तेच.

मग प्रोजेक्टला पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. कॉलेजने मला तळमजल्यावरच्या काचेच्या कपाटात ठेवलं. शेजारी पितळी पाटी लावली. पाटीवर संचिताचं, परागचं आणि त्यांना शिकवणाऱ्या विभागप्रमुखांचं नाव होतं. नीलमचं नव्हतं. दोन दिवसांसाठी म्हणून ठेवलेला मी आठ महिने तिथेच राहिलो. पराग नोकरीसाठी पुण्याला गेला. संचितालाही नोकरी लागली. कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर होतं. रोज दुपारी काचेतून ऊन माझ्या अंगावर पडायचं आणि काचेआड हवा भट्टीसारखी तापायची. येणारे-जाणारे कौतुकाने बघायचे. कौतुकाचाही शीण येतो, हे मला तिथे कळलं. चेंडू नसला तर मी नुसता चिरलेला पाईप.

हरिश्चंद्र अर्धी पाळी बुडवून तीनदा कॉलेजात आले. "अर्ज द्या", "सर मीटिंगमध्ये आहेत", "पुढच्या आठवड्यात या", असं ऐकून तीनदा परत गेले. मी काचेतून त्यांची पाठ बघायचो. मग जिल्ह्याच्या निवड स्पर्धेची तारीख आली. संचिताने रजा घेतली आणि ती विभागप्रमुखांना भेटली.

"मार्चमध्ये तपासणी समिती येतेय. त्यांना दाखवायला लागेल तो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नीलम स्वतः आली. कॉलेजच्या दाराला चार पायऱ्या होत्या आणि चाकाची खुर्ची वर न्यायला उतार नव्हता. रॅम्पसाठी बक्षीस मिळवलेल्या कॉलेजच्या दाराला रॅम्प नव्हता! हरिश्चंद्र तिला उचलायला वाकले. तिने मान हलवली. ती खालीच थांबली. वर्ग सुटले, मुलं जमली, आणि अखेर विभागप्रमुखच पायऱ्या उतरून खाली आले.

"बोल बेटा. काय हवंय?"

नीलम बोलू लागली. तिची मान एका बाजूला गेली, हात ताठरले. संचिताने मध्ये तोंड घातलं नाही. विभागप्रमुखांनी घड्याळाकडे बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं.

"उद्या... मॅच... आहे. तो... माझा आहे."

ते शिपायाला म्हणाले, "ईश्वर, कपाट उघड." आणि संचिताला हळूच, "समिती यायच्या आत परत आण गं. माझीही अडचण समजून घे."

असा मी सुटलो. पण माझ्या अंगात काय झालंय हे कुणालाच कळलं नव्हतं. आठ महिन्यांच्या उन्हाने मी वाकलो होतो. डोळ्यांना दिसू नये इतपतच, उजवीकडे.

ठाण्याला स्पर्धेच्या हॉलमध्ये पहिलाच चेंडू पांढऱ्यापासून हातभर उजवीकडे गेला. दुसराही तसाच. नीलमने डोळे बारीक केले. तिसऱ्याला ती म्हणाली, "डावी... कडे." हरिश्चंद्रांनी मला सरकवलं. "अजून." पुन्हा सरकवलं. चेंडू बरोबर जागी गेला. तिला माझं दुखणं कळलं होतं! पण हरिश्चंद्रांना कळलं नव्हतं. त्यांना मैदान दिसत नव्हतं. त्यांना समोर दिसत होती लेक, जिची नजर सरळ होती, आणि मी, ज्याचं तोंड भलतीकडे होतं. शिवाय खेळ चालू असताना सांगणार कोण? पोर दमली, घाबरली, तिला अंदाज येईनासा झाला, असंच त्यांना वाटलं.

तिसऱ्या फेरीत ती पुन्हा म्हणाली, "डावी... कडे... अजून."

"अगं, एवढं कशाला?" ते पुटपुटले, आणि बापाच्या काळजीने मागे वळून बघितलं.

पंचांनी लगेच हात वर केला. दंड म्हणून समोरच्या खेळाडूला एक जादा चेंडू मिळाला आणि त्याने एक गुण काढला.

चौथ्या, म्हणजे अखेरच्या फेरीच्या शेवटच्या चेंडूला हरिश्चंद्रांच्या कपाळावरून घाम गळत होता. "डावी... कडे," नीलम म्हणाली. त्यांनी सरकवलं. "अजून." त्यांनी आणखी सरकवलं. "अजून." त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि मला सरकवलं. नीलमने काठी उचलली. चेंडू माझ्या वाकड्या पाठीवरून गेला आणि पांढऱ्याला टेकून थांबला. टाळ्यांवरून हरिश्चंद्रांना काय झालं ते समजलं. त्यांनी तरीही वळून पाहिलं नाही.

फेरी नीलमची झाली. सामना मात्र एका गुणाने गेला. त्याच एका गुणाने. तिची निवड झाली नाही.

घोडबंदर रोडने आम्ही रिक्षातून परतलो. मी नीलम, हरिश्चंद्र आणि संचिता अशा तिघांच्या पायांवर आडवा होतो. घर आल्यावर हरिश्चंद्र म्हणाले, "माझ्यामुळे गेली गं मॅच." नीलमने ते नाकारलं नाही. बराच वेळ घेऊन ती म्हणाली, "बाबा... मला... बघता... येतं."

हरिश्चंद्र खाली बसले. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, जणू आपलंच घर नव्याने बघत होते. "खुर्ची कुठे लावू तुझी?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं ती त्यांनी टीव्हीसमोरच लावली होती. उत्तर यायला वेळ लागला. ते थांबले.

"दारा... त," नीलम म्हणाली. तिला गल्ली बघायची होती.

पुढे संचिताने दोन रविवार राबून माझ्यासारखे दोन नवे रॅम्प केले. सांधे हरिश्चंद्रांनीच घासले. एक कॉलेजच्या कपाटात गेला. समितीला काही कळलं नाही, ईश्वरला कळलं, पण तो हसून गप्प राहिला. दुसरा, सरळ पाठीचा, नीलमने स्पर्धेसाठी घेतला. मला वाईट वाटलं, पण तिने घेतलं तेच बरोबर होतं. पुढच्या वर्षी त्याच्यावर खेळून ती जिल्ह्याच्या संघात गेली.

मी आता एका शाळेच्या हॉलमध्ये असतो. रविवारी नीलम तिथे सात-आठ लहान मुलांना शिकवते. दिवसभर चेंडू घरंगळतात, मुलं मला ओढतात, पंख्याचा पाय करकरतो. सांध्यांचं पॉलिश उडालंय. संध्याकाळपर्यंत माझ्यात काही उरत नाही. मुलांच्या आया पाठ करून बसतात. एखादी वळू लागली की नीलम तिला थांबवते.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणासाठी काही बनवलंत तर ते त्याच्याच हाती द्या, पाटीशेजारी मांडून ठेवू नका. उन्हात ठेवू नका, वापरून झालं की पुसा. आणि समोरचा माणूस बोलायला वेळ घेत असेल तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.

आता पुरे. पुढची मुलगी आलीय. तिची आई पाठ करून बसलीय, नीलम शेजारी आहे, चेंडू माझ्या टोकाला ठेवलाय. मुलीचे ओठ हलतायत, शब्द अजून आलेला नाही. आम्ही सगळे थांबलोय.