नसीब मंदूबची सही

अरबी किनाऱ्यावरच्या सूर गावात नसीब बिन हुवैशिलबद्दल जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि उरलेलं निम्मं त्यानं स्वतःच पसरवलेलं आहे. तो हाजी सुवैलिमचा मंदूब, म्हणजे मालकाचे कागद काखोटीला मारून कचेऱ्यांच्या खिडक्या पालथ्या घालणारा माणूस. बावीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. एकदा म्हणे त्यानं एका मेलेल्या खलाशाचं रहिवासाचं कार्ड नवं करून आणलं. खलाशी कबरीतून उठून आला, अंगठा लावला आणि परत जाऊन झोपला. तक्रार त्याची एकच, की खिडकीवरच्या माणसानं त्याला बसा म्हटलं नाही.

परदेशातून माणूस आणायचा तर कुणीतरी त्याला आपल्या नावावर आणावं लागतं. तो त्याचा कफील. आणि माणसाबरोबर कार्डावर धंदाही लिहावा लागतो, पण धंद्याच्या जागा मोजून मापून मिळतात. न्हावी हवा असतो तेव्हा नेमकी वेल्डरची जागा रिकामी असते. मग नसीब न्हाव्याला वेल्डर म्हणून आणी आणि पुढे सवडीनं शब्द बदलून घेई. असा एक न्हावी शब्द बदलायच्या आधीच तपासणीत सापडला, आणि साहेबासमोर त्याला खरंच वेल्डिंग करून दाखवावं लागलं. त्यानं मशिदीचं फाटक असं जोडलं की तीन शुक्रवार लोक भिंतीवरून उड्या मारून नमाजाला गेले.

"कार्डावर काय, नुसता शब्द असतो," नसीब म्हणायचा. "शब्द पुसता येतो. माणूस आहे तोच राहतो."

हाजी सुवैलिमचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं आणि मागे डोळे तपासायची खोली. तिथे एकोणीस वर्षं बसणारा केरळचा कुरियाकोस म्हातारपणी घरी गेला आणि खोली ओस पडली. हाजी स्वतःच गिऱ्हाइकाचा चेहरा बघून चष्मे वाटू लागला. त्यातला एक चष्मा लावून एक जण गाडी घेऊन निघाला, रस्त्यात त्याला दोन उंट दिसले, म्हणून त्यानं मधून गाडी काढली. उंट वाचला. त्यानंतर हाजीनं नसीबला बोलावून सांगितलं की, कुठूनही आण, पण शिकलेलं माणूस आण.

शिकलेलं माणूस कैरोत बसलं होतं. इंतिसार नाव, सुदानमधल्या वद मदनीची, अकरा वर्षं तिथल्या डोळ्यांच्या इस्पितळात तपासणीचं काम केलेली. लढाई दारात आली तेव्हा इस्पितळ गेलं, घर गेलं, आणि ती भिंगांची एक पेटी घेऊन निघाली. कैरोत तिला कुणी काम करू देईना. चौदा महिने हात रिकामे. आणि तिच्या परवान्याचा नियम असा, की दोन वर्षं सलग डोळे तपासले नाहीत तर परवाना बाद. मग पुन्हा कॉलेजच्या पहिल्या बाकापासून सुरुवात. चाळिशीला आलेल्या आणि गाव जळालेल्या बाईला पहिला बाक कोण देणार? तिच्याकडे दहा महिने उरले होते. फोनवर तिनं पगार विचारला नाही, हे महिने सांगितले.

पण हाजीकडे नेत्रतपासनिसाची जागा नव्हती. कुरियाकोसबरोबर ती गेली होती, आणि नवी यायला तीन महिने लागणार होते. नसीबला युक्ती सुचायला एक घोट कॉफी पुरली. त्याच्या स्वतःच्या घराला मोलकरणीची एक जागा मंजूर होती, आणि ती रिकामी होती. बाईला आपण आपल्या नावावर आणू, तीन महिन्यांनी हाजीच्या नावावर करून देऊ. आपली एक सही, की झालं.

फोनवर तिनं विचारलं, "कार्डावर मोलकरीण लिहिणार?"

"लिहिणं म्हणजे काय हो डॉक्टरीणबाई, शाई असते."

"तीन महिने म्हणजे तीनच ना, काका?"

नसीबनं आपल्या दाढीची शपथ घेतली. दाढी त्या वेळी काळी होती, हेही इथे सांगायला हवं.

ती आली तेव्हा नसीबच्या बायकोनं, शम्सानं, पाहुण्यांची खोली उघडून दिली, हलव्याचं ताट पुढे केलं, आणि ऊद जाळून तिच्या ओढणीला धुरी दिली. "तुम्ही बसा डॉक्टरीणबाई, तुम्ही उठू नका," असं दिवसभर चालायचं. पहिल्याच शुक्रवारी इंतिसारनं कोळशानं स्वयंपाकघराच्या दारावर नजर तपासायच्या गोल कड्या रेखाटल्या, वरच्या मोठ्या, खालच्या लहान, प्रत्येकीला एका बाजूनं फट. फट कुठल्या बाजूला आहे ते हातानं दाखवायचं, अक्षरओळख लागत नाही. सगळ्या घराची परीक्षा झाली. नसीबनं अगदी खालची, मुंगीएवढी कडीही ओळखली आणि वर, तिच्यावर बसलेली माशी नर की मादी तेही सांगतो म्हणाला.

मग तिनं त्याला समोर बघत राहायला सांगितलं आणि बाजूनं बोट हलवत पुढे आणलं. बोट दिसलं की बोला. उजवीकडून तो उशिरा बोलला. डावीकडून बोट जवळजवळ नाकाशी आलं तरी तो बोलला नाही. घरातले हसले. ती हसली नाही.

"काका, हा काचबिंदू वाटतो. डोळ्यात दाब वाढतो. समोरचं दिसत राहतं आणि कडा गळत जातात, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं थेंबांनी वाचतं. याच आठवड्यात इस्पितळात जा."

जातो म्हणाला. त्या आठवड्यात हाजीचे तीन कागद अडकले होते. पुढच्या आठवड्यात चार.

आता पुढचं घडलं त्यात कुणी कुणाला हुकूम केला, असं कुणालाच म्हणता येणार नाही. इंतिसारनं भलेपणानं आपला कप विसळला. मग शेजारचा दिसला, तोही विसळला. सहाव्या आठवड्यात घरातले सगळे कप आपोआप तिच्यासमोर येऊ लागले. आठव्या आठवड्यात शम्साची बहीण राहायला आली आणि पाहुण्यांची खोली लागली, तेव्हा भिंगांची पेटी स्वयंपाकघरामागच्या खोलीत गेली, तांदळाच्या पोत्याशेजारी. डॉक्टरीणबाईची इंतिसारबाई झाली, इंतिसारबाईची इंतिसार, आणि 'तुम्ही' कधी 'तू' झालं ते ज्यांनी केलं त्यांनाही सांगता आलं नसतं. नसीबचे डोळे दाखवून घ्या, असं तिनं तेव्हा पुन्हा म्हटलं, तर शम्सा बहिणीला म्हणाली, "भांडी घासता घासता आता डोळेही घासायला निघाली."

तीन महिने झाले आणि हाजीला जागा मिळाली. इंतिसारला नसीबच्या नावावरून सोडून दिल्याचा कागद तयार झाला. खाली चौकट, चौकटीत नसीबची सही. त्याच आठवड्यात नसीबची आई अंगणात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं सगळं इंतिसारनं अंगावर घेतलं, कारण समोर म्हातारी कण्हत असताना तिला बसवेना. म्हातारी तिच्याशिवाय कुणाला हात लावू देईना. शम्सानं नवऱ्याला एवढंच सांगितलं की ईद होऊ दे. नसीबनं कागद गाडीच्या पुढच्या खणात ठेवला. हाजीनं विचारलं तर म्हणाला, कचेरीतलं मशीन बंद आहे. ज्या माणसानं बंद मशिनांतून कबरीतल्या खलाशाचं कार्ड बाहेर काढलं होतं, त्यानं हे सांगितलं, आणि हाजीनं ते खरं मानलं, कारण नसीबचं मशीन बंद पडल्याचं त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं.

ईद झाली. म्हातारी काठीवर चालू लागली. कागद खणात.

एका दुपारी नसीब भात-मासळी जेवत असताना इंतिसार दाराशी उभी राहिली.

"काका, सातवा महिना संपला."

"अगं, आईची अवस्था बघतेस ना तू?"

"आईंना मी सोडत नाही. सकाळी त्यांचं करून जाईन, संध्याकाळी येऊन करीन. इथेच राहीन. सही तेवढी करा."

"सही काय पळून जाते का?"

"सही नाही जात."

त्यानं माशाचा काटा काढला. मनात त्याच्या वाईट काही नव्हतं, हे तो शपथेवर सांगू शकला असता. फक्त घर गेल्या बावीस वर्षांत एवढं नीट कधी चाललं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिच्याकडे बघितलं की त्याला आता कैरोहून बोलणारी बाई आठवेनाशी झाली होती. कमरेला ओढणी खोचलेली, हाताला कांद्याचा वास असलेली, कार्डावर जे लिहिलं होतं तेच दिसत होतं. "पुढच्या आठवड्यात बघू," तो म्हणाला, आणि तिनं ताट उचललं.

हाजीला दुकान चालवायचं होतं. मशीन पुढच्या दोन महिन्यांतही सुरू झालं नाही, तेव्हा त्यानं गावातल्याच दुसऱ्या मंदूबाकडून एक जॉर्डनचा तपासनीस आणवला. जागा भरली. दहावा महिना भरला त्या दिवशी इंतिसारनं साबण आणि काथ्या घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारावरच्या कड्या धुऊन काढल्या, आधी खालच्या बारीक, मग वरच्या मोठ्या. शम्सा म्हणाली, बरं झालं, दार किती दिवस घाण दिसत होतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी नसीबनं मासळी बाजारासमोर डावीकडून येणारी, सुरमयांनी भरलेली हातगाडी ठोकली. हातगाडीवाल्यानं त्याला विचारलं की, आंधळा आहेस का. नसीब म्हणाला, हातगाडी आकाशातून पडली. अजूनही तो तसंच सांगतो, आणि मासे उडत होते म्हणतो.

इस्पितळात त्याच्या आधाराला इंतिसार गेली, पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन. डॉक्टर तरुण होता. बराच वेळ दिव्यातून बघून त्यानं सांगितलं की डावीकडचं जवळजवळ सगळं गेलं आहे आणि ते आता येणार नाही. वर्षापूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं. मग विचारलं, "कुणी तुम्हाला आधी काही सांगितलं नव्हतं?"

ती त्याच्या डाव्या हाताला उभी होती. ती दिसायची तर नसीबला मान वळवावी लागली असती.

"नाही," नसीब म्हणाला. "कुणी नाही."

डॉक्टरनं मग इंतिसारकडे बघून, लहान मुलाला सांगतात तसं सावकाश, हातवारे करून समजावलं. खालची पापणी ओढायची, एक थेंब, सकाळी एक, संध्याकाळी एक. कळलं का? तिनं मान हलवली. पहिला थेंब तिनं तिथेच घातला आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाचं टोक टेकवून दोन मिनिटं दाबून धरलं, औषध घशात उतरून वाया जाऊ नये म्हणून. हे डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं.

"हे कुठे शिकलीस?" डॉक्टरनं तिला विचारलं.

ती बोलायच्या आत नसीब म्हणाला, "घरीच. मोलकरीण आहे आमची."

परतल्यावर त्याला जेवण गेलं नाही. त्यानं ठोकलेल्या गाडीच्या खणातून कागद आणवला, जेवायला जमिनीवर अंथरलेल्या सुफऱ्यावरची ताटं बाजूला सारून पसरला, आणि पेन मागितलं. इंतिसारला पुढ्यात बसवून त्यानं तिला बऱ्याच महिन्यांनी पुन्हा डॉक्टरीणबाई म्हटलं. ती म्हणाली, आता याचा उपयोग नाही. जागा भरली, परवाना गेला. त्यानं ऐकलं नाही. शब्दच तर आहे, म्हणाला, बदलून टाकू.

त्यानं अरबी रीतीनं उजवीकडून डावीकडे सही करायला घेतली, बावीस वर्षं खिडक्याखिडक्यांवर गाजलेली ती लांबलचक, वेलबुट्टीची सही. नसीब बिन हुवैशिल एवढं चौकटीत मावलं. पुढचं घराण्याचं नाव चौकटीची डावी रेघ ओलांडून गेलं, कागदाची कड ओलांडून गेलं, आणि सुफऱ्याच्या प्लास्टिकवर जाऊन संपलं. त्यानं समाधानानं पेन खाली ठेवलं.

"झाली सही," तो म्हणाला.

चौकटीबाहेरची सही कुठलीही खिडकी घेत नाही, हे तिला त्यानंच शिकवलं होतं. तिनं कागद घडी करून बाजूला ठेवला, ओलं फडकं आणलं, आणि सुफऱ्यावरचं त्याच्या घराण्याचं नाव पुसून घेतलं.

"संध्याकाळचा थेंब राहिलाय," ती म्हणाली. "वर बघा."