आज सोमवार, उद्या बघू

मी चिचुंदरी बोलतेय. मुरडलंत ना नाक? मुरडा. माझं नाव निघालं की माणसाचा हात आधी नाकाकडे जातो, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. पण आज तो हात जरा खाली घ्या आणि माझं ऐका, कारण माझ्याकडे वेळ थोडा आहे. मी पिंजऱ्यात आहे.

शेणवे गावाच्या पुढे डोंगराकडे जाताना कमळाबाईंचं घर लागतं. त्याच्या मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडाशेजारी हा पिंजरा ठेवलाय. तारेची जाळी, खाली लाकडाची फळी, दाराला स्प्रिंग. वळायला जागा आहे, पळायला नाही. समोर पागोळ्यांच्या पाण्याने भरलेली बादली आहे. ती माझ्यासाठीच ठेवलेली आहे, उद्यासाठी.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचा घोळ होणार नाही. मी उंदीर नाही. रंगरूपावरून लोक मला त्यांच्यात ढकलतात, पण आमच्यात सोयरीक नाही की येणंजाणं नाही. उंदीर धान्य खातो, कपडे कुरतडतो, साबणसुद्धा सोडत नाही. मी पालेभाजीला तोंड लावत नाही. काकडी माझ्यापुढे आणून ठेवलीत तरी मी वास घेऊन पुढे जाईन. मला लागतात किडे, अळ्या, झुरळं, गोगलगाई. थोडक्यात, तुमच्या परसात जे जे तुम्हाला नको असतं, ते ते मला हवं असतं.

माझा जन्म याच परसात झाला. सांडपाण्याच्या पाटाच्या कडेला सरपणाचा ढीग आहे, त्याच्या बुडाशी, वाळक्या पाल्यात. डोळे मोहरीएवढे, त्यांचा उपयोगही बेताचाच. पण नाकाने मी कमळाबाईंच्या परसातली प्रत्येक चोरी ओळखते. काकडीच्या कोवळ्या पानाला गोल गोल भोकं पडली की समजावं, तांबडे भुंगेरे आले. पानाच्या कडा ओबडधोबड खाल्लेल्या आणि मातीवर चकचकीत वाळलेली रेघ, म्हणजे गोगलगाय येऊन गेली. भेंडी वाकडी झाली तर तिच्या पोटात अळी आहे. रोप उभंच्या उभं आडवं पडलं असेल तर बोटभर माती उकरा, कुरतडणारी अळी तिथेच वेटोळं करून झोपलेली सापडेल. खाऊन लांब जायचाही तिला कंटाळा. अशी एक अळी मिळाली की माझा दिवस चांगला जातो.

कमळाबाईंना माझं हे काम माहीत नव्हतं. त्या मला बघितलं की "हाड" म्हणायच्या आणि चप्पल भिरकावायच्या. नेम मात्र कधी लागला नाही. त्यांचा मला राग नाही. पहाटे उठून वेलांशी बोलणारी बाई ती. "काय गो, दोन पानांवरच आडलीस?" असं काकडीच्या रोपाला विचारताना मी त्यांना ऐकलंय. लावणी उरकली, शेतातून पाय निघाला, की त्यांचा सगळा जीव या परसात असतो.

आता चोरीकडे येते.

आखाडातली गोष्ट. कमळाबाईंचा मुलगा सुयोग आसनगावला एका गोदामात कामाला जातो. सुट्टीच्या दिवशी तो बांधावर गेला आणि घमेलंभर मुठे पकडून घेऊन आला. मुठे म्हणजे आमच्याकडचे बांधावरचे खेकडे. आखाडात मुठ्यांचं कालवण झालं नाही तर इकडच्या माणसाला पाऊस पडल्यासारखं वाटत नाही. सुयोगने घमेलं मागच्या पडवीच्या तोंडाशी ठेवलं, वर गोणपाट टाकलं आणि झोपायला गेला. गोणपाटावर दगड ठेवायचा राहिला. पाऊस रात्रभर कोसळला, घमेलं काठोकाठ भरलं, आणि मुठे एकमेकांच्या पाठीवर चढून एकेक करून काठावरून खाली उतरले. मी सरपणात अंग चोरून बसले होते. त्यांच्या नांग्या माझ्या डोक्याहून मोठ्या, मी कशाला मध्ये पडते?

सकाळी कमळाबाईंनी गोणपाट उचललं. "एवढेच? रे, काल तर घमेलं खडखडत होतं."

"थोडे नथूला दिले," सुयोग म्हणाला. नथू म्हणजे पलीकडच्या घरातला त्याचा लहानपणापासूनचा मित्र.

"बरं केलंस. शेजाऱ्याला दिलेलं वाया जात नाय," असं म्हणून त्या खूश झाल्या. एक दगड विसरल्याची लाज, तिच्यासाठी एवढंसं खोटं. माणसं मोठ्या खोट्याला घाबरतात आणि छोट्याला पंगतीला बसवतात, असं माझं निरीक्षण आहे.

सुटलेले मुठे लांब गेलेच नाहीत. न्हाणीचं सांडपाणी ज्या पाटाने वेलांना जातं, त्याच पाटाच्या कडेला त्यांनी बिळं केली. ओल आयती, कोवळी रोपं आयती. काकडी, शिराळी, भोपळा, जे जे वर आलं ते मुळाशी कातरलं जाऊ लागलं. कमळाबाईंनी पुन्हा बी टोचलं. पुन्हा दोन पानं आली आणि पुन्हा गेली. त्या दिवशी त्या वाफ्याच्या कडेला बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मला वाईट वाटलं. चोर मला ठाऊक होता, पण माझ्या चिकचिकीत माणसाला काय कळणार?

"घूसच हाय ती," त्या शेवटी म्हणाल्या.

त्यांची सून दर्शना वाफ्याशी उकिडवी बसली होती. "आई, घूस असती तर माती उकरली असती. आणि मला सांगा, पाला कुठं गेला? इथं नुसतं देठ हाय, वरचं कायच नाय."

सुयोग दात घासत उभा होता. त्याची नजर पाटाकडे गेली आणि झटकन परत आली. खाई त्याला खवखवे. "नेला असंल बिळात," तो म्हणाला. "उंदराला काय पोरंबाळं नसतात?"

आणि आपलं म्हणणं खरं करायला म्हणून तोच नथूकडून हा पिंजरा घेऊन आला. श्रावण लागल्यापासून डब्यात बंद असलेल्या सुक्या बोंबलांतलं एक डोकं त्याने आईच्या नकळत काढलं आणि आतल्या हुकाला अडकवलं.

मला हल्ली भूक दुप्पट लागते. सरपणाच्या ढिगात माझी पिल्लं आहेत. नुकते डोळे उघडलेत, अजून माझ्या दुधावर आहेत. त्यांना पाजायचं तर मला सारखं खावं लागतं. आज पहाटे मी घराकडे परतत होते आणि बोंबलाचा वास आला. शहाणपण आणि भूक यांची गाठ पडली की शहाणपण बाजूला होतं. मी आत गेले, डोक्याला दात लावला, आणि मागे खाडकन दार पडलं.

उजाडल्यावर सुयोगने पिंजरा उचलून आईपुढे धरला. "हा बघ तुझा चोर."

कमळाबाई वाकल्या. "रे, ही तर चिचुंदरी."

"चिचुंदरी तर चिचुंदरी. तोंड बघ किती बारीक, बरोबर मुळाशी जातं ते." एवढं बोलून त्याने बादली पुढे ओढली. पाण्याचा गार वास माझ्या नाकाशी आला आणि माझे पाय तारेत घट्ट अडकले.

"थांब," कमळाबाई म्हणाल्या. "आज सोमवार हाय. श्रावणातल्या सोमवारी माझ्या परसात जीव घेयाचा नाय. उद्या बघू."

पिंजरा खाली आला. मी मनातल्या मनात सगळ्या सोमवारांना नमस्कार केला. मग शांतपणे विचार केला तेव्हा ध्यानात आलं, की हा जीव वाचवलेला नाही, फक्त लांबवलेला आहे. कमळाबाईंचा आज उपास आहे. त्या संध्याकाळी दिवा लावून तो सोडतील. माझ्या जातीला उपास माहीतच नाही. अर्धा दिवस पोटात काही पडलं नाही तर आम्ही गार होतो. बोंबलाचं डोकं केव्हाच संपलं. उद्यापर्यंत बादलीची गरजसुद्धा लागणार नाही, आणि माझ्यामागे ढिगातली ती इवली तोंडं. त्यांना उपासाचं पुण्यही मिळणार नाही.

उन्हं वर आली तसा नथू पडवीत आला. "काकी, पिंजरा मोकळा झाला का? माझ्याकडं कणगीत उंदरांनी धिंगाणा घातलाय."

"उद्या ने. आज आत चोर बसलाय," कमळाबाई म्हणाल्या. त्या शेंगा निवडत होत्या. बोलता बोलता सहज विचारलं, "काय रे, मुठे कसे होते? भरलेले होते का?"

"कसले मुठे?"

"आखाडात आमच्या सुयोगनं दिले ते."

नथू बिचारा सरळ माणूस. सुयोग मागून खुणा करत होता, पण त्या नथूला दिसल्या तेव्हा तो बोलून चुकला होता. "मला? या साली त्यानं मला नांगीपण दाखवली नाय, काकी."

दर्शना उठली आणि पाटाच्या कडेने चालत गेली. एका ठिकाणी वाकली. बिळाच्या तोंडाशी चिखलाच्या गोळ्या रचलेल्या होत्या. तिने काडी घालून ओढली, तर कुजलेला काकडीचा पाला बाहेर आला. तिने तो आणून सासूपुढे ठेवला. "पाला हितं गेला, आई."

कमळाबाईंनी पाल्याकडे बघितलं, मग मुलाकडे. त्यांचा आवाज चढला नाही. "दोनदा बी टोचलं मी, सुयोग. दोन्ही वेळेला तू हितंच उभा होतास."

सुयोगची मान खाली गेली. "वाटलं, चोर मीच आणून पाळले असं म्हणशील." मग त्याने पहार घेतली आणि पाट खणायला लागला. नथूही मदतीला उतरला. एक बीळ सरपणाखाली शिरलेलं निघालं, म्हणून त्यांनी अर्धा ढीग उपसून बाजूला टाकला. लाकडं धडाधड पडत होती. मी इथे तारेवर डोकं आपटत होते. माझ्या नाकातून रक्त आलं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. ढिगाचा दुसरा कोपरा तेवढा राहिला, तिथे माझी पिल्लं.

घमेलं पुन्हा मुठ्यांनी भरलं. या वेळी दर्शनाने गोणपाटावर दगड ठेवला.

"नथू, तुला द्यायचे राहिले होते ते ने," कमळाबाई म्हणाल्या.

"मी श्रावण पाळतो, काकी."

"मग ओढ्यात सोड. तो पण जीवच हाय. सोमवार त्याला पण हाय."

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं तुमच्यात म्हणतात. मी संन्यासी नाही, बोंबलाचं डोकं बघून चळणारी बाई आहे. पण चोर मात्र खरोखरच घमेल्यात बसून ओढ्यावर सुटायला चालले आणि त्यांना पोचवायला सुयोग आणि नथू अशी दोन माणसं उठली.

ते दोघं पडवी उतरत असताना कमळाबाईंनी माझ्याकडे बघितलं. नाक नाही मुरडलं. "सोडा तिला बिचारीला," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. ते शब्द मी स्वतः ऐकले. मी निर्दोष सुटले होते.

पण "सोडा" हे त्यांनी कुणाला सांगितलं? दर्शनाला वाटलं सुयोगला. तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि ती हंडे घेऊन पुढच्या अंगणात धावली. सुयोगला वाटलं दर्शनाला. तो ओढ्यावरून आला, पाय धुतले, दुपारच्या पाळीची वेळ झाली म्हणून गाडीला किक मारून गेला. सगळ्यांना सांगितलेलं काम कुणाचंच नसतं. मग पावसाची मोठी सर आली आणि आतून कुणीतरी मागचं दार लावून घेतलं. कमळाबाई उपासाच्या पोटी आडव्या झाल्या असतील. बाई वाईट नाहीत. घरात कुणीच वाईट नाही. म्हणूनच मला इथे कुणी शोधायला येणार नाही. सगळ्यांच्या मनात मी केव्हाच सुटलेली आहे.

माझे मागचे पाय गार पडायला लागलेत. मी ओरडून बघितलं. माझी चिकचिक पागोळ्यांच्या आवाजात विरून जाते.

पण ती कुणीतरी ऐकली. मघाशी उपसलेल्या लाकडांतून काहीतरी हललं. दुधाचा वास आला. ढीग मोडला, गारवा आत शिरला, म्हणून पिल्लं बाहेर पडली आहेत, भरदिवसा, उघड्या परसात. कोंबड्या पावसाने आडोशाला गेल्यात, तेवढंच नशीब.

आमच्यात पिल्लं कशी चालतात ते तुम्ही कधी बघितलं नसेल. पहिलं पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी केस दातात धरतं. दुसरं पहिल्याला धरतं, तिसरं दुसऱ्याला. आई निघाली की सगळी माळ निघते. आई थांबली की थांबते. धरलेलं सोडायचं नाही, एवढंच त्यांना येतं.

ती भिंतीच्या कडेने आली, माझ्या वासावर. मी पाठ जाळीला टेकवली. पहिल्याने तारेतून तोंड घालून माझे केस धरले. मागची एकेक करून जोडली गेली. आता माळ पुरी झालीये आणि पावसात भिजत उभी आहे.

कमळाबाई, दार उघडा. मागचं उघडलंत की हेही उघडा. तुमची काकडी मी कधी खाल्ली नाही, आणि खाणाऱ्यांना मी उद्यापासून पुन्हा शोधेन. मला इथून चार पावलं चालू द्या. ही पोरं मला ओढत नाहीत, रडत नाहीत. आई निघेल म्हणून नुसती धरून उभी आहेत.