महाराजांचं नाव घेणारे मासे

माशाचं तोंड मिनिटाला एकशे बारा वेळा उघडत होतं. मी घड्याळ लावून मोजलं. निरोगी मासा पाण्याखाली राहतो आणि इतकी घाई करत नाही. हा ओठ पाण्याबाहेर काढून हवा ओढत होता. त्या डबक्यात असे दोन-तीनशे मासे होते, आणि डबक्याभोवती, उघड्या पडलेल्या नदीपात्रात, हजारभर माणसं हात जोडून बसली होती.

मधल्या खडकावर महाराज उभे होते. दर रविवारी दहाला ते काठी उगारत आणि नदी ओसरे. एकला काठी खाली घेत आणि नदी परत येई.

"बघा, मुके मासेसुद्धा माझं नाव घेतात. तुम्हाला तर देवाने जीभ दिली आहे," ते माइकवरून सांगत होते. जिभेबरोबर डोकंही दिलं आहे, हे सांगायचं ते विसरत.

सगळ्यात पुढे, डबक्यात पाय सोडून, माझी वहिनी बसली होती. माशांनी तोंड लावलं की गुडघे बरे होतात, असं तिला सांगण्यात आलं होतं.

मी धरणाच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. माझा थोरला भाऊ तिथल्याच वीजघराचा प्रमुख आहे. रविवारी कारखाने बंद, विजेला मागणी नाही, म्हणून दादा सकाळी नऊला यंत्रं पूर्ण बंद करतो. तासाभराने इथलं पाणी उतरतं. बाराला तो सहलीच्या होड्यांसाठी पाणी सोडतो, ते एकला इथे पोचतं. या वेळांचा कागद दर शुक्रवारी होड्यांच्या धक्क्यावर चिकटवतात आणि महाराजांचा एक शिष्य त्याचा फोटो काढून नेतो. चमत्कार एवढाच.

पूर्वी पाणी येण्याआधी इशाऱ्याचा भोंगा वाजायचा. भोंग्याने ध्यान मोडतं असं महाराज म्हणाले आणि शिष्यांनी भोंगा फोडला. आडवे आलेल्या भोंगेवाल्या काकांना वल्ह्यांनी मारलं. तीन बरगड्या मोडल्या, डावा डोळा गेला. पाहणारे पाचशे होते, साक्षीदार एकही मिळाला नाही.

दोन वर्षं मी दादाच्या मागे लागले होते की यंत्रं पूर्ण बंद करू नकोस, एक तरी थोडं चालू ठेव. पाणी वाहतं राहील, मासे जगतील, हा तमाशाही थांबेल. तो म्हणायचा, तेवढी वीज फुकट जाईल, वर विचारावं लागेल, बघू.

सव्वाअकराला त्याचा फोन आला. वहिनी फोन उचलत नाही, कुठे आहे, असं विचारत होता. बोलता बोलता म्हणाला की सहलीवाले लवकर आले, म्हणून आज पाणी अकरालाच सोडलं.

"दादा, वहिनी पात्रात बसली आहे."

तो म्हणाला, लगेच बंद करतो. पण पंधरा मिनिटांचं पाणी वाटेला लागलं होतं. सुटलेलं पाणी परत बोलावता येत नाही.

मी ओरडून सांगितलं की बाराला पाणी येतंय. शिष्य हसले. वहिनी म्हणाली, "महाराजांच्या शब्दाशिवाय नदी हलत नाही. तुझं शास्त्र घरी ठेव."

सांगून कोणी उठेना, म्हणून मी नमुन्यांसाठी आणलेली बादली घेतली. त्या डबक्यातलं पाणी आणि तोच मासा तिच्यात घातला. मग तांब्याने पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतत राहिले. दहा मिनिटांत मासा तळाशी गेला आणि त्याचं तोंड संथ झालं.

शेजारी बसलेली मासेवाली मावशी वाकून बघत होती. "काय घातलंस गं?"

"हवा. थांबलेल्या पाण्यात ती संपते. मासे नाव घेत नाहीत मावशी, गुदमरतात."

"म्हणजे नाव विसरला की हा," मावशी म्हणाली. लोक हसले. हसता हसता उठू लागले.

"बाईंनी मासाही नास्तिक केला," महाराज गरजले. "जो उठेल त्याचं दुखणं दुप्पट होईल."

काहीजण पुन्हा बसले. एका शिष्याने माझ्या तोंडावर वल्हं घातलं. दोन दात तुटले, बादली लवंडली. मी रक्त थुंकत ओरडत राहिले. मावशीने लोकांना दंडाला धरून काठाकडे ढकललं.

बाराला दोन मिनिटं कमी असताना गढूळ पाण्याची कमरेइतकी भिंत वळणावरून आली. महाराजांनी तिच्यावर काठी उगारली. पुढच्या क्षणी खडकावर ना काठी होती, ना महाराज. माणसं माणसांना तुडवत काठाकडे धावली. वहिनीला गुडघ्यांमुळे उठता येईना. मी आणि मावशीने तिला काखेत धरून ओढलं, तेवढ्यात वाहत आलेला ओंडका तिच्या पायावर आदळला. हाड बाहेर आलं. पुन्हा बसलेल्यांपैकी दोघांची प्रेतं खाली पुलाच्या खांबाला अडकलेली सापडली.

महाराज झुडपाला धरून वाचले. लोकांनी त्यांना केस धरून ओढत आणलं आणि त्याच वल्ह्यांनी मारायला सुरुवात केली. जबडा निखळला, कानातून रक्त आलं. मी त्यांच्यावर आडवी पडले. पाठीवर दोन वल्ही बसली. आडवी पडले ती दया म्हणून नव्हे. हा मेला तर उद्या इथे त्याचं देऊळ उभं राहील. जगला तर कोर्टात बोलेल.

"काकांना मारलं तेव्हाही तुम्ही विचार केला नव्हता, आताही करत नाही," मी म्हणाले. तोंड सुजलं होतं, शब्द नीट येत नव्हते. "धक्क्यावर जा. कागद वाचा. आज फक्त वेळ बदलली आणि यांची नदी यांचंच ऐकेना. कोणी काही दाखवलं की हात जोडायच्या आधी आणि उगारायच्याही आधी एकदा विचारा, हे कसं झालं?"

वल्ही एकेक करून खाली आली.

दादा जीपने पोचला तेव्हा मावशी वहिनीच्या पायाला फळी बांधत होती. तिने मान वर करून सरळ विचारलं, "साहेब, बाबा लबाड, ते कळलं. पण दर रविवारी नदी बंद कोण करत होतं?"

दादा वहिनीपाशी गुडघ्यांवर बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने फोन काढून वीजघराला लावला.

"लिहून घ्या. आजपासून यंत्रं पूर्ण बंद करायची नाहीत. रविवारी नाही, कधीच नाही. वर कोणाला विचारू नका, मी सांगतोय."