एका कार्डावर एकच माणूस

औषधांच्या कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षं त्यांनी सुटणाऱ्या कामगारांच्या पिशव्या तपासल्या. डबा उघडा, छत्री झटका, खिसे दाखवा. कामगारांनी त्यांचं नाव 'एक्स-रे' ठेवलं होतं, आणि ते कानावर आलं तेव्हा राग यायच्या ऐवजी त्यांना बरंच वाटलं होतं. निवृत्तीला सहा वर्षं झाली, पण नजर काही घरी बसायला तयार नव्हती. डॉक्टरांनी ताप बघितला, की हे थर्मामीटर मागून घेऊन स्वतः वाचत.

लेकीकडे निघालेल्या अशा माणसाला बायकोने विमानतळावर सांगितलं, की आपण लाउंजमध्ये बसू, तिथे चहा, खाणं, सोफा, सगळं फुकट असतं.

"फुकट?" एक्स-रे थांबलेच. "कोण देतं फुकट?"

"कार्डावर मिळतं हो. लेकीने दिलंय ना मला कार्ड, क्रेडिट कार्ड. ते दाखवायचं."

"दाखवायचं म्हणजे त्यांच्या हातात द्यायचं?"

"मग काय लांबून ओवाळायचं?" बायको म्हणाली आणि चालायला लागली.

ते मागून निघाले. हातात त्यांची बॅग होती. तिच्या चेनला त्यांनी कारखान्यातलं उरलेलं प्लॅस्टिकचं सील लावलं होतं आणि त्याचा नंबर खिशातल्या वहीत लिहिला होता. सुरक्षा तपासणीत तिथल्या शिपायाने ते तोडलं, तेव्हा यांनी पुढे होऊन दुसरं लावलं आणि नवा नंबर लिहिला. शिपाई बघतच राहिला.

दुपारची वेळ, गर्दी भरपूर. बायको मात्र सरळ चालली होती. सरकत्या जिन्याने वर, घड्याळांच्या दुकानाला वळसा, मग डावीकडे एक अरुंद बोळ. एक्स-रेंच्या मनात पाल चुकचुकली. ही बाई बँकेत गेली तरी पेन कुठे बांधलंय ते दर वेळी विचारते.

"तुला रस्ता कसा माहीत?"

"पाटी आहे की."

पाटी होती. पण ती वळणाच्या पलीकडे होती, वळल्याशिवाय दिसत नव्हती. एक्स-रेंनी मागे जाऊन खात्री करून घेतली आणि परत आले. बोलले काहीच नाहीत. फाटकावरही ते असंच करत. संशय आला की आधी गप्प बसायचं, समोरच्याला अजून दोन पावलं चालू द्यायचं.

लाउंजच्या दारात काचेचं काउंटर होतं. मागे निळा कोट घातलेली मुलगी. तिने मान वर केली आणि चेहरा खुलला.

"अय्या, काकू! आज वेगळी सोबत वाटतं? गेल्या वेळचे दादा नाही आले?"

बायकोचा हात पर्समध्येच राहिला.

अडतीस वर्षांचा संसार. गेल्या वेळचे. दादा. तीन शब्द त्यांनी एकामागून एक तपासले आणि एकही शब्द सुटेना.

"कोण दादा?" त्यांनी मुलीला विचारलं, फाटकावरच्या आवाजात.

मुलीने काकूंकडे पाहिलं आणि घाईघाईने नियमाचा आडोसा घेतला. "काका, ते... या कार्डावर एकच माणूस जाऊ शकतो. पाहुणा चालत नाही. तुमचं स्वतःचं कार्ड आहे का? नावही बोर्डिंग पासशी जुळायला लागतं."

"माझं कसलं कार्ड? मी असल्या फंदात पडत नाही. तू सांग, कोण दादा?" हे आता बायकोला होतं.

तिने त्यांना हाताला धरून बाजूच्या बाकावर नेलं आणि बसवलं. मग स्वतः बसली.

"आपला मुलगा," ती म्हणाली.

चार वर्षांत त्यांच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता.

"तू तर बहिणीकडे जायचीस. वर्षातून एकदा, आठ दिवस. बसने. मी तिकिटं बघितलीत."

"तिकिटं बहीण पाठवायची. त्याच तारखांची काढून. तुम्ही बघणार हे माहीत होतं ना." ती थोडं हसली, पण ते हसू टिकलं नाही. "मी त्याच्याकडे जात होते. कार्डही लेकीचं नाही, त्याने दिलंय. आणि आत्ता आपण लेकीकडे चाललेलो नाही. तोही त्याच शहरात असतो, उतरल्यावर विमानतळाच्या दारात उभा असणार आहे. उतरल्यावर सांगणार होते. तिथून तुम्हाला पळून जाता आलं नसतं."

राग यायला हवा होता आणि तो येत होताही. आपल्याला, एक्स-रेला, स्वतःच्या बायकोने चार वर्षं फाटकातून माल काढून दाखवला होता. पण रागाच्या मागून दुसरंच काही येत होतं, आणि ते त्यांना नको होतं.

त्यांना दार आठवलं. घराचं. नवी सून चपला घालत होती, मुलाच्या हातात बॅग होती, आणि बायको आतून म्हणाली होती, माझी साखळी दिसत नाही. बस. एवढंच म्हणाली होती ती. एक्स-रे पुढे झाले आणि मुलाला म्हणाले, "बॅग उघड." विचार करून नव्हे, एकतीस वर्षांच्या सवयीने. मुलाने उघडली. त्यांनी शर्ट, सुनेची साडी, दाढीचं सामान, सगळं वर-खाली केलं. "झालं, बाबा?" मुलाने विचारलं, चेन लावली आणि गेला. साखळी तिसऱ्या दिवशी सापडली, यांच्याच कपाटात. सुरक्षित राहावी म्हणून यांनीच हलवली होती. त्यांनी ती गुपचूप खुंटीवर अडकवली, बायकोने गुपचूप गळ्यात घातली, आणि मुलाला कुणी फोन केला नाही.

"म्हणजे तो या शहरात आला होता," ते अखेर म्हणाले. "या लाउंजमध्ये बसला होता म्हणजे इथूनच विमानात बसला ना?"

तपास कधी सुटत नाही माणसाचा.

"कामासाठी येतो. दोनदा आला."

"घरी आला नाही."

"कोपऱ्यापर्यंत आला होता. औषधाच्या दुकानापाशी उभा होता, मी पाहिलं गॅलरीतून."

"मग?"

"मग गेला परत. मी नंतर विचारलं, तर म्हणाला, आई, हातात बॅग होती."

एक्स-रेंनी मान खाली घातली. समोर त्यांचीच बॅग होती, सील लावलेली. लोक येत-जात होते. बायकोने पर्समधून एक पाकीट काढलं. त्यात पत्राला चिकटवलेलं, कधीही न सोललेलं कार्ड होतं. त्यावर एक्स-रेंचं स्वतःचं नाव छापलेलं.

"त्याने दोन काढली होती. आपल्याला प्रवासात ताटकळत बसायला लागू नये म्हणून. माझं मी वापरलं. तुमचं शिलाईच्या डब्यात ठेवलं होतं. या महिन्यात संपतंय ते."

"अर्जावर माझी सही कुणी केली?"

"तुम्हीच. तापाने फणफणला होतात. जन्मात एकदा न वाचता सही केलीत तुम्ही." ती उठली. "मी विमानात बसणार आहे. तुम्हाला घरी जायचं असेल तर किल्ली शेजारी आहे. पण मी आता बहिणीची तिकिटं आणणार नाही."

ती काउंटरकडे गेली आणि मागे न बघता तिथे उभी राहिली.

एक्स-रे बसून राहिले. कार्ड उलटंसुलटं केलं. तारीख पाहिली. नाव बोर्डिंग पासशी अक्षर अक्षर ताडून पाहिलं. कुठे काही खोट सापडावी, असं त्यांना फार वाटत होतं. सापडली नाही. मग नखाने ते पत्रावरून सोललं, उठले आणि काउंटरवर ठेवलं. मुलीने ते यंत्रात घातलं, यंत्राने बारीक आवाज केला आणि पावती बाहेर आली.

"या काका. पहिल्यांदाच ना?"

"हो," ते म्हणाले. "उशीर झाला."

आत बायकोने न विचारता त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा आणला. कप कुठे, गरम पाणी कुठे, तिला सगळं ठाऊक होतं. एक्स-रेंनी आता विचारलं नाही. त्यांनी बॅग मांडीवर घेतली, सील दोन बोटांत धरलं आणि खटकन तोडलं. खिशातल्या वहीला हातही लावला नाही.

"हे काय?" बायको म्हणाली.

"दारात असेल ना तो? त्याला म्हणेन, तपास. सुनेसमोर तपास. सगळं वर-खाली कर." त्यांनी बॅगेची चेन अर्धी उघडली. "मी उभा राहीन."

बायकोने त्यांच्या हातातलं तुटलेलं सील काढून घेतलं आणि बशीत ठेवलं.

"तो बॅग तपासणार नाही हो," ती म्हणाली. "तुमच्या हातातून घेऊन उचलेल."

एक्स-रेंनी चहाचा कप उचलला, पण तोंडाला लावला नाही.

"तेच तर," ते म्हणाले. "तेच मला झेपायचं नाही."