आम्ही म्हणजे कोण

शिडी बॅग भरते आहे हे थोरलीला कपाटाने सांगितलं. वरच्या खोलीतल्या त्या कपाटाचं दार उघडलं की असं कण्हायचं, की खाली शिवणघरात दोन्ही मशिनं धडधडत असली तरी ऐकू यावं. आज ते सकाळपासून कण्हत होतं.

"कपाट रिकामं व्हायला लागलंय," कापडावर खडूने रेघ ओढता ओढता सून म्हणाली.

"आम्ही काय बहिरे नाही," थोरली म्हणाली, आणि मशीनवर असा पाय मारला की सुईच मोडली.

थोरली ही या शिवणघराची मालकीण. शाळा बाराखडीच्या अर्ध्यातच सुटली, पण त्यामुळे बोलायला ती कधी अडली नाही. वाकणं तर तिला माहीतच नव्हतं. सुईत दोरा ओवायचा तरी सुई डोळ्यांसमोर उंच धरायची, मान खाली घालायची नाही. गणवेश, खेळाडूंचे सदरे, पाठीवरचे कापडी आकडे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. वरची खोली तिने भाड्याने दिली होती, आणि त्या खोलीच्या चौकटीवर रोज कपाळ आपटणारी भाडेकरीण म्हणजे शिडी.

नाव गल्लीने ठेवलेलं. पोरगी व्हॉलीबॉल खेळायची आणि उंचीला कुठे थांबायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. परमुलखातून ती इथे बाटल्यांच्या कारखान्याच्या संघाकडून खेळायला आली. तिचा गुडघा दुखावला तशी तिच्या देशाने तिला विचारणं सोडलं. गुडघा बरा झाला, तोवर ही इथलीच झाली होती. इथली भाषा शिकली, इथलं नागरिकत्व घेतलं आणि इथल्या देशाचा सदरा अंगात चढवला. त्या दिवशी गल्लीतल्या चार जणांनी तिला खांद्यावर घेतलं, तर हिचे पाय जमिनीलाच लागत होते. लोक पोट धरून हसले. पासपोर्ट हातात घेऊन तीही हसली.

पण नव्या सदऱ्यातला पहिलाच सामना पडला तो नेमका तिच्या जुन्या देशाशी. संघ हरला. शिडीने एकटीने जीव तोडून चेंडू मारले, बाकीच्या मुली बस चुकल्यासारख्या उभ्या. शेवटी टीव्हीवाल्याने टाचा उंचावून तिच्यापुढे माइक धरला आणि विचारलं, कसा झाला खेळ?

"आम्ही फार चांगलं खेळलो," शिडी म्हणाली.

झालं. इथला संघ चांगला खेळला असं तर त्यातल्या मुलींच्या सख्ख्या आयांनीही म्हटलं नसतं. मग चांगले खेळले ते कोण? पलीकडचे. म्हणजे सदरा इकडचा आणि जीव तिकडे. बसथांब्यावर तिचं मोठं चित्र लावलेलं होतं, त्याला कुणीतरी मिशा काढल्या. येत्या रविवारी घरच्या मैदानावर पुढचा सामना होता, आणि प्रशिक्षकाने फोन करून सांगितलं, लोक हुर्यो करत शिट्ट्या मारतील, उतरायचं की नाही ते तूच ठरव. शिडीने ठरवलं, उतरायचं नाही, इथे राहायचंही नाही.

थोरलीला राग लोकांचा आला होताच, पण शिडीचा त्याहून जास्त आला होता. त्या दिवसापासून तिने जिन्याकडे पाहिलं नव्हतं. चहा सुनेच्या हातून वर जात होता. पण आता कपाट पुन्हा कण्हलं, तशी ती मोडकी सुई टेबलावर टाकून उठली आणि कठड्याला धरत वर गेली.

शिडी गुडघ्याचे पट्टे गुंडाळत होती.

"कुठे निघालीस?"

"बघू."

"बघू हे काय गाव आहे? गाडी जाते तिकडे?"

शिडीने पट्टे बॅगेत टाकले. थोरली खाटेवर बसली. बसली म्हणजे बॅगेच्या आणि कपाटाच्या बरोबर मध्ये बसली.

"जायचं तर जा. पण एक सांगून जा. टीव्हीवर म्हणालीस, आम्ही चांगलं खेळलो. आम्ही म्हणजे कोण गं?"

शिडीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी विचारावं की पाणी म्हणजे काय.

"आम्ही म्हणजे हे," ती म्हणाली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"हे म्हणजे?"

"एकटी. तो म्हणाला, खेळ कसा झाला. बाकीच्यांचा वाईट झाला, ते कशाला सांगायचं? माझा चांगला झाला. घरात 'मी' म्हटलं तर चालतं, पण टीव्हीवर जरा मानाने बोलावं. मोठी बाई 'मी' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणते."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच म्हणता, मावशी. आम्ही जरा पडतो. आम्हाला साखर कमी. आमच्या चष्म्याला कुणी हात लावायचा नाही."

जिन्यात काहीतरी धपकन वाजलं. मागोमाग आलेली सून पायरीवर बसली होती आणि पदर तोंडात कोंबून हसत होती. "आई," तिला कसंबसं बोलता आलं, "सगळा देश ढवळून निघाला, आणि तो चमचा तुमचा."

"तू खाली जा. कापड उघडं पडलंय."

सून हलली नाही. थोरलीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. कारखान्यात खुणांवर काम भागायचं, पोरीला भाषा मिळाली ती खालच्या शिवणघरातच, दोन मशिनांच्या आवाजात. जे ऐकलं ते तिने उचललं, आणि तिथे सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता हे सांगायची गरज नव्हती.

"ऐक," थोरली म्हणाली. तिने खाटेवरची चादर चिमटीत धरून दुमडली. "'आपण' म्हटलं, की समोरचाही या शिवणीत आला. 'आम्ही' म्हटलं, की तो शिवणीबाहेर राहिला, कातरणासारखा. लोकांना वाटलं, तू त्यांना बाहेर ठेवलंस."

शिडीने विचार केला. विचार करताना ती ओठ चावायची. "मग तुम्ही माझ्याशी बोलताना 'आम्ही' का म्हणता?"

थोरली चादरीची घडी पुन्हा सरळ करू लागली. तेवढ्यात खालून हाक आली, "काकू, आहात का?" आणि आयुष्यात पहिल्यांदा भाजीवाल्याचा आवाज ऐकून तिला बरं वाटलं.

भाजीवाला हा संघाच्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. मंडळाने रविवारसाठी सदरे शिवायला टाकले होते, प्रत्येकाच्या पाठीवर शिडीचा अकरा आकडा. ते सदरे कोपऱ्यात घड्या घालून तयार होते. थोरली खाली आली तेव्हा तो त्यांच्याकडे पाहत उभा होता, चेहरा कारल्यासारखा.

"काकू, हे अकरा तेवढे उसवा."

"उसवले तरी टाक्यांची भोकं राहतात. लोक विचारतील, इथून कोण उठून गेलं."

"राहू देत भोकं. आम्ही ठरवलंय."

थोरली मशीनवर बसत होती ती तशीच अर्धवट थांबली. "आम्ही म्हणजे कोण कोण? मंडळ बसलं होतं?"

"मंडळ कशाला बसायला पाहिजे? आम्हीच ठरवलं. आज गाजरं धुताना."

"एकट्याने?"

"अध्यक्ष एकटाच असतो, काकू."

"म्हणजे एकट्या माणसाने 'आम्ही' म्हटलं तर चालतं."

"न चालायला काय झालं? मानाची रीत आहे ती. तुम्ही स्वतः नाही का म्हणत?"

"सूनबाई," थोरली मान न वळवता म्हणाली, "तिला खाली बोलाव. अध्यक्ष व्याकरण शिकवतायत."

शिडी खाली आली, चौकटीखालून वाकून. थोरलीने तिला टीव्हीवाल्याने काय विचारलं आणि तिने काय, का सांगितलं, ते पुन्हा बोलायला लावलं, छातीवरच्या बोटासकट. भाजीवाला ऐकत राहिला. आधी त्याने भुवया चढवल्या, मग हळूहळू कान लाल झाले.

"म्हणजे हे... हे तुमचं 'आम्ही' आहे, काकू."

"तुमचंही आहे. गाजरं धुतानाचं."

तो खुर्चीवर बसला. बराच वेळ त्याला एका बाजूने हसू येत होतं आणि दुसऱ्या बाजूने अध्यक्षपण सांभाळायचं होतं. शेवटी म्हणाला, "पण हे लोकांना सांगणार कोण?"

"दुकानात दिवसभर तोंड कुणाचं चालू असतं? भोपळ्याचं?"

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. काही हसले, काहींनी मान हलवली, काही म्हणाले, ही नंतर रचलेली गोष्ट आहे. शिडीने बॅग रिकामी केली नाही, पण बंदही केली नाही.

"रविवारी शिट्ट्या पडल्या तर?" तिने रात्रीच्या जेवणाला विचारलं.

"पडतील थोड्या," थोरली म्हणाली. खोटं बोलून धीर देणं तिच्या स्वभावात नव्हतं. "पडू देत. आम्ही आहोत..." ती थांबली. घास गिळला. शब्द तिच्या तोंडाला नवा असल्यासारखा जड आला. "आपण बघू काय करायचं ते."

सुनेने मान वर केली नाही. शिडीने वाढून घेतलं, नेहमीपेक्षा जास्त.

रविवारी ती उतरली. शिट्ट्या पडल्या, विशेषतः समोरच्या कोपऱ्यातून, आणि अकरा नंबरच्या सदऱ्यांत बसलेलं मंडळही सुरुवातीला गप्पच होतं. थोरली त्यांच्यात बसली होती, हात पदराखाली घट्ट. खेळ रंगला तशा शिट्ट्या विरल्या, कारण शिट्टी मारायची तर चेंडूवरची नजर काढावी लागते. शेवटच्या डावात दोन्हीकडे सारखे गुण झाले. शिडीने उडी मारली आणि शेवटचा चेंडू जोरात नेटमध्ये घातला.

मैदान गार पडलं. तोच टीव्हीवाला, तोच माइक, त्याच उंचावलेल्या टाचा. आवाज भोंग्यावरून सगळीकडे गेला.

"आपण हरलो," शिडी म्हणाली. "शेवटचा चेंडू मी घालवला. वाईट वाटतं."

तिला वाक्य आठवायला कष्ट पडले नव्हते, हे थोरलीला आवाजावरून कळलं. पुढच्या रांगेतला एक माणूस सुरुवातीला दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत होता. तो शेजारच्याकडे वळून म्हणाला, "थोडक्यात हरलो हो आपण."

सोमवारी सकाळी थोरली मशीनवर बसली होती तेव्हा बाहेर भाजीवाल्याचा आवाज चढला.

"अगं, इतकी घाई कसली होती? जरा थांबून मारला असता तर? रात्रभर झोप नाही मला. सगळ्या गल्लीचं तोंड कडू केलंस."

थोरली ताडकन उठली. त्याला कोणते शब्द सुनावायचे ते दारापर्यंत जाईतो तयार झाले होते. पण शिडी आधीच बोलायला लागली होती.

"तुम्ही उडी मारून दाखवा. त्या पोटासकट. टोमॅटो तरी नीट द्या आधी, कालचे सगळे मऊ निघाले."

"मऊ? माझे टोमॅटो मऊ?"

"विचारा मावशीला."

भाजीवाला टोमॅटोवर आला, मग तिच्या सर्व्हिसवर, तिथून प्रशिक्षकावर. दूधवाल्याने सायकल भिंतीला लावली आणि तोही त्यात पडला. त्याच्या मते चूक गुडघ्याची होती आणि गुडघ्याला रोज शेक द्यायला हवा. शिडी दोघांना पुरून उरत होती. थोरलीने दारातूनच पाय मागे घेतला. ती परत येऊन बसली, मशीन मात्र सुरू केलं नाही, म्हणजे बाहेरचं नीट ऐकू येईल.