उणे तीस अंशांवरचा इतिहास

बागेत अकराशे जातींची झाडं होती आणि मानव्यविद्येची फेलो एकच. "झाडांनाही इतिहास असतो," हे संचालकांनी तिच्या स्वागतात तासभर सांगितलं आणि वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात तिला एक टेबल दिलं. कपाटांच्या दोन रांगांमध्ये ते कसंबसं मावलं होतं. ठिणगी नको म्हणून तिथे विजेचा प्लग नव्हता, आणि तिच्या लॅपटॉपची बॅटरी चहा येईपर्यंत मान टाकायची.

विषय होता शंभर वर्षांपूर्वी हे नमुने डोंगरातून पाठीवर वाहून आणणाऱ्या हमालांचा. फेलोशिप एका वर्षाची. समितीला काम पटलं तर आणखी दोन. नाही पटलं तर आईकडे परत, मागच्या खोलीत.

"अगं, पण बागेत तू करतेस तरी काय?" आई फोनवर विचारायची.

"वाचते."

"ते इथेही करतच होतीस की!"

वाचणंही सोपं नव्हतं. पहिल्याच दिवशी संग्रहपालांनी तिची पिशवी दारात अडवली. अख्खी बाग त्यांना फ्रीजरकाका म्हणायची.

"कागद आहे?"

"पुस्तकं आहेत, काका."

"म्हणजे कागदच. सात दिवस फ्रीजरमध्ये, उणे तीसवर, मग आत. बाहेरच्या कागदात किडे असतात."

"माझ्या पुस्तकांत नाहीत हो!"

"किडा काय ओळखपत्र दाखवून येतो?"

नियम संचालकांच्या सहीचा होता. संध्याकाळी वही घरी नेली की सकाळी ती पुन्हा आठवडाभर थंडीत. तिने वह्या नेणंच सोडलं. वाचलेलं डोक्यातून न्यायची सवय लावून घेतली.

मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा समिती बसली. सभागृहाला रंग चालू होता, म्हणून बैठक संग्रहात ठेवली. पाच सभासद पाच फायली घेऊन आले. फ्रीजरकाकांनी दारात ट्रे पुढे केला.

"साहेब, फायली."

"अहो, मी संचालक आहे!"

"सहीसुद्धा तुमचीच आहे, साहेब."

बाहेरचे सभासद बघत होते. संचालकांनी फाइल ट्रेमध्ये ठेवली. मागोमाग बाकीच्या चार गेल्या आणि दाराबाहेरच्या फ्रीजरचं झाकण बंद झालं.

चाळायला पानं नाहीत म्हटल्यावर सभासदांचा अगदी नाइलाज झाला. ते ऐकायला लागले. तिने एका हमालाचं सांगितलं. नमुन्यांचे गठ्ठे भिजू नयेत म्हणून त्याने स्वतःची घोंगडी त्यांवर घातली आणि तो तापाने गेला. गठ्ठ्यातल्या फुलाला गोऱ्या साहेबाचं नाव मिळालं. हमालाचं नाव सापडतं एकदाच, हरवलेल्या दोरखंडाच्या नोंदीत.

ती बोलायची थांबली. तोवर कोणी घड्याळ पाहिलं नव्हतं.

"छान," एक सभासद म्हणाले. "पण हे आपल्या कार्यकक्षेत बसतं का?"

"कार्यकक्षा फायलीत आहे," संचालक म्हणाले.

"आणि नाकारायची कारणं?"

"तीपण फायलीतच."

तिने मान वर केली. म्हणजे कारणं आधीच टाइप होऊन तयार होती. संचालकांना एकाएकी खोकला आला.

"पाठ नाहीत का कोणाला?" दुसऱ्यांनी विचारलं. कोणालाच नव्हती. "मग कारणाशिवाय कसं नाकारायचं? उद्या कोणी जाब विचारला म्हणजे?"

"मंजूर केलं तर?"

"मंजुरीचं कारण कोण विचारतंय!"

पाचही हात वर झाले. सगळ्यात आधी संचालकांचा.